गादीवर झोपवलेली बॅटरी

"हाताचा तळवा दुखते का, चाचा?" अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"बिलकुल नाही, सायब," मी खुशीत सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "थेच वाईट हाये. हे थर्ड डिग्री बर्न हाये." म्हणजे कातडी पार आतपर्यंत जळाली होती. दुखणं कळवणाऱ्या नसाही तिच्यासोबत गेल्या होत्या.

मी मूर्तिजापूरचा गादीवाला. माझ्या याच उजव्या हातात सुई असली तर आमची चूल पेटते. म्हणून मी एवढंच विचारलं, "सुई धरता येईन का?"

"पाहू," डॉक्टर म्हणाले.

घात केला तो माझ्याच लाडानं. इलेक्ट्रिक स्कूटरची लिथियम बॅटरी एकदा हातातून पडली होती, एका बाजूनं फुगलीही होती. तेव्हाच ती बाद करायला हवी होती. मी मात्र पुन्हा धक्का लागू नये म्हणून दुकानातल्या नव्या गादीवर ठेवून चार्जिंगला लावू लागलो. थंडी पडली तशी वरून रजई घातली. शमीम, माझी बायको, चिडवायची, "मले कधी अशी रजई पांघरली काय?"

एका दुपारी बॅटरी फुसफुसली, धूर निघाला. पळायचं सोडून मी ती फेकायला उचलली आणि हातातच भडका उडाला. एवढ्याशा डब्यात एवढी आग मावली कशी, याचं मला अजून नवल वाटतं. विझली म्हणावं तर पुन्हा पेटायची.

"तिले ऊब नाही, हवा पायजे," अग्निशमनवाला नंतर म्हणाला. चार्ज होताना बॅटरी तापते, ती गरमी मी कापसात कोंडली होती.

मग स्किन ग्राफ्ट झालं. मांडीची पातळ कातडी काढून तळव्यावर शिवली. पट्टी उघडली त्या दिवशी मी श्वास रोखून पाहत होतो. कातडी गुलाबी होती! माझी जन्मभराची शिलाई त्या बारीक टाक्यांपुढे काहीच नाही. पण शिवलेलं कापड कधी जिवंत होतं का? हे झालं होतं.

तुमच्या घरी अशी बॅटरी असेल तर ती उघड्या फरशीवर, तिच्याच चार्जरनं, जागेपणी नजरेसमोर चार्ज करा. दाराच्या वाटेत नको, उन्हात नको. भरली की प्लग काढा. फुगलेली, पडलेली असेल तर चार्जिंगला लावूच नका, दुकानदाराकडे परत द्या. धूर दिसला तर हात न लावता घराबाहेर पळा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

बरेच महिने बोटं आखडलेलीच होती. रबरी चेंडू दाबून दाबून ती थोडी वळू लागली, तसा मी दुकानात बसलो. तळवा अजून बधिरच होता. परवा रजई शिवताना सुई सटकली आणि नव्या कातडीत घुसली. मी ओरडलो.

शमीम धावत आली. "काहून ओरडून राहिले?"

"दुखलं!" मी म्हणालो आणि मला रडू आवरेना. "शमीम, तळव्यात दुखलं!"

तिचा विश्वास बसला नाही. तिनं माझा हात ओढला आणि त्याच जागी चिमटा काढला.

तोही दुखला.