नको तितकं स्वच्छ

"शून्य म्हणजे शून्यच ना, वहिनी? का तुझ्याकडं शून्यातही प्रकार असतात?"

"असतात. आणि आवाज जरा खाली. शेजारी आधीच कान टवकारून बसलेत."

"बसू देत. घरचीच माणसं पोटावर पाय देतात, हे त्यांनाही कळू दे."

वहिनीचा नवरा इस्त्री करत होता. भाऊ आणि बायको भांडायला लागल्यापासून तो एकाच शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा दाबत होता.

मैलापाण्याचा मोठा पाइप फुटला तेव्हापासून खाडीच्या मुखाशी असलेली दिराची कालवांची शेती बंद होती. पाणी स्वच्छ असल्याचा निकाल आल्याशिवाय एकही कालव काढायचं नाही, असा हुकूम होता. कालवं आता भरली होती. पाणी तापलं की ती अंडी सोडणार आणि मग शिंपल्यात नुसती कातडी उरणार. तेव्हा निकाल याच आठवड्यात हवा होता, आणि तो वहिनीच्या प्रयोगशाळेतून यायचा होता.

ती पाणी तपासत नसे. तपासणी नीट झाली का, ते तपासत असे. लोकांना हे समजावताना तिची दमछाक होई. सासूबाई मात्र झटक्यात सांगत, "आमची सून तपासणाऱ्यांना तपासते," आणि दम घेऊन पुढं म्हणत, "घरातसुद्धा." दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचूनही ती दुधाचा वास घेई. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येई. दिरानं तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं, पण पोरांना ताप आला की औषध किती द्यायचं हे विचारायला तो तिच्याकडेच येई.

खाडीच्या बाटल्यांबरोबर एक बाटली तिची असे. तिच्यात ती मुद्दाम जंतू सोडी आणि ती बाकीच्यांत मिसळून देई. प्रयोगशाळेत तपासणारीला कुठली ते ठाऊक नसे. त्या बाटलीत जंतू सापडलेच पाहिजेत. आज खाडीच्या बाटल्यांत शून्य जंतू निघाले होते, आणि तीही शून्य आली होती.

"मी घातलेले जंतू गेले कुठं?" ती म्हणाली.

"मेले असतील."

"कशानं? ज्यानं ते मेले, त्यानं खाडीतून आलेलेही मेले असतील. बाटलीत. खाडीत नाहीत."

"अगं, पहिलं कालव मी खातो, तुझ्यासमोर! मग तर झालं?"

"तू खाशील, तुला पचेलही. ज्यांना नाही पचत, ते आपल्याला सांगायला येत नाहीत."

तिची नजर चपलांच्या मांडणीकडे गेली. दुपारपासून ती पुन्हा पुन्हा तिथंच जात होती. नमुने घ्यायला नाव पहाटे सुटते म्हणून आदल्या संध्याकाळी तिनं रिकाम्या बाटल्यांची पेटी घरी आणली होती. रात्रभर पेटी त्या मांडणीखाली होती. पेटी घरी न्यायची नाही, हा नियम तिनंच सगळ्यांना पाठ करायला लावला होता.

"त्या बाटल्यांचं चाललंय का?" सासूबाई ओट्यापाशी हात पुसत म्हणाल्या. "त्या मी धुतल्या."

इस्त्री थांबली.

"अगं, तळाशी पांढरं काहीतरी होतं, चिमूटभर. म्हटलं, एवढ्या मोठ्या ऑफिसातून अशा बाटल्या देतात? ब्लीचनं लख्ख केल्या. नंतर विसळल्या नाहीत हो, वास राहिलेला बरा. झाकणंही होती तशी घट्ट लावली."

ते पांढरं तिनंच घालून घेतलं होतं. पाण्यात ब्लीच असलंच तर ते मारून टाकायला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोचतील. सासूबाईंनी नेमकं तेच धुतलं होतं, आणि वर ब्लीच. नावेत अर्धवट उजेडात बाटल्या तिनं स्वतः भरल्या होत्या, तिची जंतूंची बाटलीही त्यांतलीच. दुधाचा वास घेणाऱ्या तिला बाटलीचा वास घ्यायचं सुचलं नव्हतं.

"म्हणजे पाणी चांगलं असेलही!" दीर म्हणाला.

"असेलही. नसेलही."

तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. आवाज आता खाली आला होता, आणि तिला तोच जास्त झोंबला. "वहिनी, हे आपल्या चौघांतच राहू दे ना. कोण विचारतंय?"

"सांगितलं तर हिची नोकरी जाईल," नवरा पहिल्यांदाच बोलला.

"माझ्यामुळं?" सासूबाई भिंतीला टेकल्या. "मला काय माहीत गं, घाणच जपून ठेवायची असते म्हणून!"

सून उठली. गॅसचं बटण पाहिलं, बंद होतं. पुन्हा पाहिलं.

"उद्या मी साहेबांना सांगणार आहे," ती म्हणाली. "पेटी मी घरी आणली होती आणि बाटल्या घरात धुतल्या गेल्या. हा निकाल रद्द. नमुने पुन्हा घेतील, पण या घरातलं कुणी त्यांना हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. तोवर कालवं आहेत तिथंच राहतील."