डॉक्टर बाहेर काय म्हणाले?

मंदा गेल्याचा फोन तिच्या मुलाने सकाळी केला, आणि दुपारपर्यंत परतवाड्यात भेटेल त्याने मला एकच विचारलं, गळ्याचंच ना? नाही. मंदा हृदयविकाराने गेली. पण तिच्या गळ्यातल्या गाठींची चर्चा गावभर झालेली, त्यामुळे कुणाला ते पटेना. त्यांना तरी काय दोष द्यायचा... त्या गाठी साध्या आहेत हे खुद्द मंदालाच दोन वर्षं पटलं नव्हतं.

आम्ही एकाच जिल्हा परिषद शाळेत शिकवायचो. तिच्याकडे एका खोलीत दोन वर्ग. एकाला पाढे, दुसऱ्याला कविता, आणि सगळ्यांवर तिचा आवाज. तो बसला तेव्हा हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सगळं करून झालं. महिने उलटले तेव्हा मीच तिला अंजनगाव-अकोट करत एसटीने अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून आतलं पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरपट्ट्यांवर समोरासमोर एकेक इवलीशी गाठ. कुदळ धरून तळहाताला घट्टे पडतात तसं हे, ते म्हणाले. ओरडून झालंय, कॅन्सर नाही, ऑपरेशनची गरज नाही. पाणी भरपूर प्या, खाकरू नका, कुजबुजूसुद्धा नका, आणि आवाजाचे व्यायाम शिकायला दर आठवड्याला या.

इथे चूक माझी. आमच्याकडे खरं काय ते पेशंटसमोर बोलत नाहीत, सोबतच्याला बाहेर बोलावून सांगतात. म्हणून मंदाला बाकावर बसवून मी पुन्हा आत गेले आणि म्हटलं, डॉक्टर, आता खरं सांगा. ते वैतागले. सांगितलं तेच खरं, म्हणाले. मी ओशाळून बाहेर आले, आणि मंदाने माझा तो पडलेला चेहरा पाहिला.

“तुले माईत हाये,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “तू लपवून राहिली.”

तिच्या संशयाला कारण होतं. तिच्या आईच्या गळ्यात गाठ निघाली होती. ती साधी नव्हती, आणि साधीच आहे असं आईला शेवटपर्यंत सांगणारी मंदाच होती. त्यामुळे आता ऑपरेशन करत नाहीत म्हणजे हाताबाहेर गेलंय; गोळ्या दिल्या नाहीत म्हणजे उपयोग नाही. मी डब्यात शिरा नेला तरी तो आजच का आणला, हा प्रश्न. महिनाभर ती व्यायामाला आलीच नाही. मी चिडले, भांडले, अबोला धरला, तेव्हा कुठे बाई बसमध्ये चढल्या. मग ग्लासातल्या पाण्यात नळी धरून बुडबुडे काढत सूर लावणं सुरू झालं, वर्गात हाकांऐवजी घंटी आली. काही महिन्यांनी गाठी जवळजवळ विरल्या, आवाज मोकळा झाला. तरी प्रत्येक तपासणीनंतर ती माझ्याकडे टक लावून बघायची. मला त्याचा मनापासून राग यायचा. इतक्या वर्षांची मैत्री, आणि ही मला खोटारडी समजते.

यंदा तिला दम लागायला लागला. अमरावतीला भरती केलं. मुलगा पुण्याहून निघालेला, म्हणून डॉक्टरांनी मलाच बाहेर बोलावलं. हृदय फार थकलंय, फार वेळ नाही, त्यांना सांगू नका... मी आत गेले.

“डॉक्टर काय म्हणे?”

“काई नाही वो. साधंच हाये.”

या वेळी तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीकडे तोंड वळवलं.

“बरं,” ती म्हणाली. “खाटेखाली पिशवीत पोराईच्या चाचणीचे पेपर हायेत. राह्यलेले तू तपास.”

ती पिशवी अजून माझ्या टेबलावर आहे. शेवटी तिने माझ्यावर विश्वास ठेवला, असं मी तिच्या मुलाला सांगितलं, आणि त्यालाही तेवढंच बरं वाटलं. पण मंदाने आपल्या वर्गाचे पेपर तोवर कुणालाच तपासू दिले नव्हते.