समोरचा उमेदवार

आमच्याकडं बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैल पळतात त्या धावपट्टीवर, माइकवर मी असतो. त्यामुळं निवडणूक आली की दोन्ही बाजूंच्या प्रचाराच्या जीपवर माझाच आवाज फिरतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तालुक्यात चांगला आवाज एकच आहे, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

यंदा ऐन प्रचारात सीमेवर लढाई पेटली. विरोधातला उमेदवार निरगुडसरच्या सभेत म्हणाला, लढाई थांबली तर बरं. झालं. सत्तेतल्यानं लगेच माझ्याकडून रेकॉर्ड करून घेतलं, "समोरचा उमेदवार थांबा म्हणतो, हा जवानांचा अपमान आहे." विरोधातल्यानं उत्तर करून घेतलं, "थांबण्यातच शहाणपण असतं, समोरच्या उमेदवाराला तेवढं कळत नाही."

थोड्याच दिवसांत दिल्लीच्या सरकारनंच लढाई थांबवली. सत्तेतला सकाळीच माझ्या दारात. "भाऊ, थांबण्यात शहाणपण असतं, असं कायतरी दमदार बोला." दुपारी विरोधातला आला. "थांबले म्हंजी जवानांचा अपमानच झाला, राव. लई कडक पायजे." दोघांच्याही चेहऱ्यावर मी लाज शोधली. नाय सापडली.

मी तोंडसुद्धा उघडलं नाही. दोन्ही जीपमधले पेनड्राइव्ह काढले आणि याचा त्याला, त्याचा याला लावला.

घाटात एकाच्या बैलाला चुकून दुसऱ्या मालकाचं नाव लावलं तर काठ्या निघतात. इथं मतदानापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट दोघांनीही फोन करून सांगितलं, या वेळी अगदी मनापासून बोललात.