याला मीठ नाय लागत

माझं शेवटचं पोस्टिंग नियंत्रण रेषेवरच्या बारा जणांच्या चौकीवर होतं. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कँटीनचं कार्ड अजून चालतं का हो?" परवा सेक्रेटरींच्या मुलाने दुपारी टेरेसवर स्वतः रांधून जेवण दिलं. मटणाशेजारी चमचाभर पालक, त्यात बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे. साइड डिश म्हणे. निम्म्यांनी बेकन वेचून खाल्लं आणि पालक बशीत टाकला. ह्या लोकांसाठी आम्ही पहाटे साडेचारला बंदूक घेऊन खंदकात उभे राहायचो.

त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही, तरी ठेवतो. चौकीवर असताना मी त्यांच्याहून वाईट होतो.

मी हवालदार, चौकीचा कमांडर. आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, शिपाई वाघमारे. आपट्याजवळच्या कातकरी वाडीतला, माझ्याच तालुक्यातला. पण मी त्याला कधी गाववाला म्हटलं नाही. बर्फ वितळू लागलं की तो नाल्याकाठचा रानपाला खुडून आणायचा. मी म्हणायचो, "सरकारने इथे बकऱ्या पाठवल्यात का?" तो हसायचा.

त्या वर्षी दरड कोसळून रस्ता बंद झाला. रेशनमध्ये तांदूळ, मीठ, लसूण आणि बेकनचे डबे उरले. डुकराचं म्हणून जवान हात लावेनात. वाघमारेने बेकन बारीक चिरलं, त्याच्याच चरबीत कुरकुरीत केलं, ठेचलेला लसूण आणि धुतलेला पाला टाकला. दोन मिनिटांत कढई उतरवली. मी मिठाचा डबा पुढे केला.

"नको, साब. याला मीठ नाय लागत. डब्यातलंच खारट हाय."

"तू मला शिकवणार?"

भाताबरोबर सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं. चांगलं झालंय असं म्हणालो नाही.

पाचव्या दिवशी जवळचा पाला संपला. सकाळी सातला तो आला. "साब, नाल्याच्या खालच्या अंगाला हाय पाला. जाऊ?"

वरच्या उतारावर आमचंच माइनफील्ड होतं. वितळत्या बर्फाबरोबर सुरुंग खाली घसरतात, हे मला माहीत होतं. नाही म्हणणं माझं काम होतं.

"जा, चर जाऊन," मी म्हणालो.

सात चाळीसला स्फोट झाला. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता. मी रेडिओवर कळवलं, "माइन ब्लास्ट. वन कॅज्युअल्टी, फेटल." पलीकडून पूर्ण नाव विचारलं. आडनाव सांगितलं. पहिलं नाव त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर वाचलं. बाळू.

पाल्याची पिशवी काठावर शाबूत होती. अकरा माणसांना जेवायचं होतं. कढई मीच चढवली आणि सवयीने मूठभर मीठ टाकलं. पाला खारटढाण झाला. सगळ्यांनी संपवला.

रजेवर आल्यावर आपट्याला गेलो. त्याच्या आईने विचारलं, "पिशवीत पाला व्हता म्हनं. मंग रांधला कोनी?"

"मी."

"चांगला झाला?"

"हो," म्हणालो. त्या खोट्याची मला आजही लाज वाटते.

परवा टेरेसवर माझ्या बशीतला पालक मी शेवटच्या पानापर्यंत खाल्ला. सेक्रेटरींचा मुलगा आला. "कसं झालंय, अंकल?"

"मीठ घातलंस. शिपाई बाळू वाघमारेने घातलं नसतं."

"ते कोण?"

"माझा गाववाला," मी म्हणालो.