थरथर लपवायची नाही

लेकीला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी धाकटे दीर आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "वैनी, दादाला उद्या माज्या घरी वळसंगला न्हेतो. पावनं गेलं की आनून सोडतो."

"का?"

"का म्हंजे? हात कसा थरथरतोय बगा की! लोक दारू म्हनतील. न्हायतर म्हनतील, रक्तातच हाय."

माझ्या नवऱ्याने कधी दारूला हात लावलेला नाही. ते आत सगळं ऐकत होते. पिशवीत कपडे कोंबू लागले. ते बघून माझं डोकं फिरलं.

ह्यांना कंपवात आहे आणि लेक याच आजारावर संशोधन करते. मी चौथी शिकलेली, पण तिने मला एकदा प्रयोगशाळेत नेलं होतं. अंधार करून तिने दोन बारक्या नळ्यांवर जांभळा दिवा धरला. एक नळी मिणमिणत होती, दुसरी हिरवी लख्ख. म्हणाली, "मेंदूत एक प्रथिन असतं. ते बिघडलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मी यात डोळ्यांना न दिसणारे कण सोडलेत. ते गुठळीला बिलगले की उजळतात."

"पिठल्यात होतात तशा गुठळ्या?"

"तशाच. पण पिठल्यातल्या पळीनं मोडतात गं, या मोडत नाहीत."

"हे बाबांचं आहे?"

"नाही, नळीतच मुद्दाम बनवलंय."

ते बघितल्यापासून या आजाराला कुणी पाप म्हटलं, शाप म्हटलं, तर माझ्या मनाला पटत नसे. तोंडाने बोलत नव्हते, एवढंच.

त्या दिवशी बोलले. ह्यांच्या हातातली पिशवी घेतली, कपडे कपाटात ठेवले आणि दिरांना म्हटलं, "ते कुठं जाणार नाहीत."

"सोयरीक मोडली तर माज्यावर न्हाय हं, वैनी."

"माझ्यावर."

दुसऱ्या दिवशी हे पाहुण्यांसमोर बसले. चहाची बशी खडखडली, चहा गुडघ्यावर सांडला. मुलाच्या मामांनी तब्येतीचं विचारलं.

"जरा थकवा हाय," दीर म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. "थकवा नाही," मी म्हटलं. "कंपवात आहे. लेक त्याचंच संशोधन करते."

मामा हसले. "मग काय, पोरगी बापाला बरं करनार म्हना की!"

"नाही," लेक म्हणाली. "बाबा यातून बरे व्हायचे नाहीत. हात थरथरायच्या आधीच आजार ओळखता यावा, म्हणून आमची धडपड आहे."

चार दिवसांनी नकार आला. दिरांचा फोन, "सांगत हुतो की न्हाय?"

मी म्हटलं, "भावजी, पुढचं स्थळ आणाल तेव्हा कंपवाताचं आधी सांगा. घाबरणाऱ्यांसाठी मी पोहे करणार नाही."