भोंग्याची परवानगी

आमच्या गल्लीत डासांचं औषध फवारायचं असलं, की आदल्या दिवशी एक माणूस रिक्षाला भोंगा बांधून सांगत फिरतो. इतकी वर्षं बघतेय, पण नाव माहीत नाही. बोलण्याआधी तो तीनदा खाकरतो, तेही भोंग्यातूनच. मग "नागरिकांना कळवण्यात येते की" सुरू झालं, की मी खिडकी लावून घेते.

गेल्या महिन्यात भोंग्याची परवानगी वेळेत आली नाही, तर हा पायीच निघाला. माझ्या दारात येऊन तीनदा खाकरला.

"वहिनी, उद्या सकाळी फवारणी हाय."

"आज भोंगा नाही?"

"परवानगी भोंग्याला लागते, तोंडाला न्हाय." मग त्याने अंगणभर नजर फिरवली. "सुकत घातलेला जवळा आत घ्या. मांजराची वाटीपण."

शेजारच्या आजोबांना दमा आहे. त्यांना त्याने सकाळपुरतं लेकीकडे जायला सांगितलं. पुढच्या घरी तुळशीपाशी ठेवलेला पाण्याचा हंडा स्वतःच झाकला. भोंग्यातून इतकं जवळचं तो कधी बोललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फवारणी उरकली आणि दुपारी परवानगीचा कागद आला. आलेला कागद वाया कसा घालवायचा? संध्याकाळी रिक्षा आलीच. तीनदा खाकरून झालं. या वेळी मी खिडकी उघडी ठेवली.

"नागरिकांना कळवण्यात येते की फवारणी झालेली आहे. झाकलेलं उघडा. आणि वहिनी, वाटी बाहेर ठेवा, मांजर मघापासून पायरीवर बसलंय."