रणात उगारलेला तांब्या

परतवाड्याची खुर्शीदबी जन्मभर बायकांच्या हातांत बांगड्या भरत आली. मनगटांवरचे काळेनिळे वळ तिला दिसायचे, पण ती काही बोलायची नाही. लागोपाठ दोन वर्षं कपाशी बुडाली, गावोगावचं गिऱ्हाईक आटलं. आई घरात बसून झुरते, म्हणून लेकीनं तिला हट्टानं अकोल्याहून कच्छला निघालेल्या सहलीच्या बसमध्ये बसवलं.

मांडवीचा समुद्र पाहून बस दुसऱ्या दिवशी कच्छच्या रणात आली. गाईड मिठाची माहिती सांगत होता, तेवढ्यात बसमधल्याच दर्यापूरच्या मनोहरनं बायकोच्या थोबाडीत मारली.

"मले न विचारता काल पाण्यात काहून उतरली?" म्हणत तो रंजनाला लाथांनी तुडवू लागला. पांढऱ्या मिठावर रक्त सांडलं. सगळे नुसते बघत राहिले.

"सोड तिले!" खुर्शीदबी मधे पडली. त्यानं तिच्याही तोंडावर बुक्का हाणला, दात तुटला. मग तिनं हातातला पितळी तांब्या दोनदा त्याच्या कपाळात घातला. तो आडवा झाला.

"चाची, मरंल ना तो!" रंजना किंचाळली.

"मरत नाही. तू ऊठ."

मनोहरला टाके घालायला भुजच्या दवाखान्यात सोडून बस निघाली. अकोल्याला उतरल्यावर रंजना सासरी गेलीच नाही. खुर्शीदबीनं तिला धामणगावला माहेरी पोचवलं. खुर्शीदबीचा जबडा मात्र पुढं कित्येक दिवस ठणकत होता.